दूध आईचे, नोंद सिस्टरांची
शीव रुग्णालयातील नवजात कक्ष आणि मानवी दुग्धपेढीची वाटचाल

कुर्ल्यात एखाद्या घरी बाळंतपण झाले आणि "बाळ काचेत ठेवलंय" असा निरोप आला, की ऐकणाऱ्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "सायनला नेलं का?" बाळंतपण भाभा रुग्णालयात होवो, महापालिकेच्या प्रसूतिगृहात होवो, नाहीतर गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये. दिवस भरण्याआधी आलेले किंवा वजनाने अगदीच कमी असलेले बाळ अनेकदा शीवच्या, म्हणजेच सायनच्या, लोकमान्य टिळक महानगरपालिका सर्वसाधारण रुग्णालयात पोहोचते. रेल्वेने गेले तर कुर्ल्याचे पुढचेच स्टेशन. नेहरूनगर, कसाईवाडा, जरीमरी, चुनाभट्टी या वस्त्यांतली कितीतरी माणसे आयुष्याचे पहिले काही आठवडे त्या कक्षात काढून घरी आली आणि इथेच वाढली. म्हणून शेजारच्या गावठाणातली ही संस्था कुर्लेकरांना परकी नाही. तिचा इतिहास या स्मरणिकेत यायलाच हवा.

हा इतिहास सांगताना इमारती आणि उद्घाटने थोडक्यात आटोपून एका गोष्टीवर भर द्यायचा आहे. रुग्णाच्या खाटेशी उभ्या असलेल्या माणसाला काय दिसते, ते तो लिहून ठेवतो का, आणि त्या लिहिण्यातून वॉर्डाची रीत बदलते का? नर्सिंग संशोधन ते हेच. शीवच्या नवजात कक्षाची गोष्ट याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे.

पाया

रुग्णालय सुरू झाले १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षात. १९६४ मध्ये त्याला वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला चुनाभट्टी आणि कुर्ला, पुढे चेंबूर, गोवंडी, मानखुर्द. स्वदेशी मिल आणि प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या कारखान्यांच्या पाळ्यांवर ज्यांची घरे चालत, ती सारी कष्टकरी कुटुंबे याच रुग्णालयाच्या भरवशावर होती. रोजची मजुरी बुडवून आलेली बाळंतीण, आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ, सोबत सासू किंवा शेजारीण, हे इथल्या प्रसूती विभागाचे नेहमीचे चित्र.

१९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्याकडे नवजात कक्षाची धुरा आली. त्या वेळी कक्षाचा सर्वांत मोठा शत्रू होता जंतुसंसर्ग. अपुऱ्या दिवसांचे बाळ श्वासाच्या त्रासातून वाचवावे आणि आठवड्याने त्याला रक्तातल्या जंतूंनी गाठावे, असा तो काळ होता. यंत्रे तुटपुंजी, जागा अपुरी आणि बाळांच्या मानाने परिचारिका फारच कमी.

बाळे जास्त, हात कमी

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण सांगते की अध्यापन रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी आणि अतिदक्षता कक्षात एका खाटेमागे एक. सार्वजनिक रुग्णालयात हे प्रमाण आजही स्वप्नवत वाटते, तर त्या काळाबद्दल काय बोलावे! एका सिस्टरला अनेक बाळे सांभाळायची असली की दर दोन तासांनी दूध पाजणे हेच काम पाळी खाऊन टाकते. दूध वरचे असेल तर काम आणखी वाढते. पाणी उकळा, डबा उघडा, पावडर मोजा, बाटली आणि बूच निर्जंतुक करा. यातली प्रत्येक पायरी म्हणजे जंतूंना आत यायला एक दार. थकलेला हात एखादी पायरी चुकतो आणि त्याची किंमत किलोभर वजनाचे बाळ मोजते.

या कोंडीतून डॉ. फर्नांडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला मार्ग त्या काळच्या रिवाजाच्या उलट होता. नवजात कक्षात आईला येऊ देऊ नये, ती बाहेरून जंतू आणते, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत. शीवने आईलाच कक्षात घेतले. पावडरचे दूध बंद केले आणि प्रत्येक बाळाला आईचेच दूध मिळाले पाहिजे, असा नियम केला. जे हात कमी पडत होते, ते आईच्या रूपाने मिळाले.

शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय भक्कम होता. पहिल्या दोन-तीन दिवसांचा चीक म्हणजे प्रतिपिंडांनी भरलेले दाट, पिवळसर दूध. आई बाळाजवळ वावरते तेव्हा त्याच कक्षातल्या जंतूंशी तिचा संपर्क येतो, तिचे शरीर त्या जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते आणि ती दुधातून बाळाच्या आतड्यात पोहोचतात. जिला जंतू आणणारी म्हणून दाराबाहेर ठेवले जात होते, तीच बाळाची ढाल ठरली.

मात्र या निर्णयाने सिस्टरांचे काम पालटले. आजवर त्या बाळाचे सारे स्वतः करत होत्या, आता त्यांना शिकवायचे होते. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, बाळाला काचेच्या पेटीतून कसे उचलायचे, वाटी-चमच्याने दूध पाजताना चमचा ओठांच्या कडेला कसा टेकवायचा आणि बाळाने गिळेपर्यंत कसे थांबायचे. ज्या बाईने घरी तीन मुले वाढवली आहेत तिलाही हातभर नळ्या लावलेल्या नऊशे ग्रॅमच्या बाळाला हात लावताना कापरे भरते. तिची भीती घालवणे हे काम औषधांच्या यादीत कुठे लिहिलेले नसते. ते सिस्टरच करते.

त्याच सुमाराला जगात

शीवमध्ये हे चालू असताना इतरत्रही पुरावे जमत होते. दिल्लीत डॉ. इंदिरा नारायणन आणि सहकाऱ्यांनी कमी वजनाच्या बाळांवर अभ्यास करून मानवी दूध घेणाऱ्या बाळांत जंतुसंसर्ग कमी होतो, असे दाखवले. पाश्चरीकरण केलेल्या आणि न केलेल्या दुधाची तुलना करणारा त्यांचा प्रयोग १९८४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. ब्रिटनमध्ये ल्युकस आणि कोल यांनी ९२६ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा मागोवा घेतला. नुसत्या पावडरच्या दुधावर असलेल्या बाळांत आतडे सडण्याचा जीवघेणा आजार, नुसत्या मानवी दुधावर असलेल्या बाळांच्या तुलनेत सहा ते दहा पट अधिक आढळला. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे काम अमेरिकेतील पॉला मायर या परिचारिकेचे. तेव्हा समजूत अशी होती की अंगावर पिणे हे लहानग्या बाळाला बाटलीपेक्षा जास्त दमवते, म्हणून त्याने आधी बाटली नीट पिऊन दाखवावी, मग त्याला आईकडे द्यावे. मायर यांनी मोजक्याच बाळांच्या त्वचेवर प्राणवायू मोजणारे साधन लावले आणि दोन्ही प्रकारे पिताना काय होते ते टिपले. बाटलीने पिताना प्राणवायू खाली जात होता. आईच्या अंगावर पिताना तो स्थिर राहत होता आणि बाळाचे अंगही अधिक उबदार राहत होते. १९८८ साली हा अभ्यास 'नर्सिंग रिसर्च' या नियतकालिकात छापून आला. प्रचंड निधी नाही, हजारो रुग्ण नाहीत. रोज डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीबद्दल एका नर्सला शंका आली आणि तिने ती मोजून पाहिली. वर्षानुवर्षांची समजूत त्या मोजमापापुढे टिकली नाही.

१९८९ : दुग्धपेढी

आईला कक्षात घेतले तरी एक अडचण उरलीच होती. काही आयांना पान्हा फुटायला वेळ लागतो. काही स्वतःच आजारी असतात, काही दुसऱ्या रुग्णालयात दाखल असतात, काही बाळंतपणातच जातात. अशा बाळांनी काय प्यावे? दुसरीकडे प्रसूतीपश्चात वॉर्डात अशाही आया होत्या ज्यांचे दूध बाळाला पुरून उरत होते. या दोन टोकांना जोडणारी व्यवस्था म्हणजे दुग्धपेढी. जगातली पहिली अशी पेढी १९०९ साली व्हिएन्नात सुरू झाली होती. इंग्लंडमधल्या पेढ्यांचा अनुभव समोर ठेवून डॉ. फर्नांडिस यांनी नोव्हेंबर १९८९ मध्ये शीव रुग्णालयात मानवी दुग्धपेढी सुरू केली. ती भारतातीलच नव्हे, आशियातील पहिली पेढी मानली जाते.

या तारखेचे महत्त्व समजून घेतले पाहिजे. १९८०च्या दशकात एचआयव्हीच्या भीतीने अमेरिका आणि ब्रिटनमधल्या कित्येक दुग्धपेढ्या बंद पडत होत्या. त्याच काळात महापालिकेच्या एका रुग्णालयाने पेढी उघडण्याचे धाडस केले. त्यामागे कडक शिस्त होती. दूध देणाऱ्या आईच्या रक्ताची एचआयव्ही, कावीळ ब आणि गुप्तरोगासाठी तपासणी, तिच्या तब्येतीची आणि औषधांची चौकशी, तिची संमती आणि दानाचा मोबदला शून्य.

पेढीचे काम वरवर साधे दिसते. आई स्वच्छ हातांनी किंवा पंपाने दूध काढते. ते निर्जंतुक भांड्यात जमा होते. नंतर ६२.५ अंश सेल्सिअसला बरोबर ३० मिनिटे तापवून झटपट थंड केले जाते. उष्णता याहून वाढली तर दुधातले गुण जातात, कमी पडली तर जंतू राहतात. मग नमुना तपासणीला जातो आणि दोष नसेल तर दूध उणे २० अंशांवर गोठवले जाते. नवजात कक्षातून मागणी आली की ते वितळवून बाळापर्यंत पोहोचते. यंत्र ३० मिनिटे मोजते. पण पहिला थेंब मिळवण्याचे काम माणसाचे आहे.

तो पहिला थेंब कसा मिळतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. सिझेरियन होऊन दोन दिवस झालेली बाई भिंतीला टेकून बसलेली असते. बाळ वर कक्षात, ही खाली वॉर्डात. "सिस्टर, मला दूधच नाही," हे तिचे पहिले वाक्य. सिस्टर वाद घालत नाही. गरम पाण्यात पिळलेले फडके छातीवर ठेवते, पाठीवर मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठ्याने हलके चोळते, बोटांचा आकार कसा धरायचा ते तिच्याच हातावर दाखवते. बाळाबद्दल बोलते : आज त्याने डोळे उघडले होते, पाय झाडत होता. थोड्या वेळाने स्टीलच्या वाटीच्या तळाशी चिकाचे पाच-सहा थेंब दिसतात. "एवढ्याने काय होणार?" असे आई विचारते. सिस्टर सांगते, तुमच्या बाळाचे पोट आता एवढेच आहे, त्याला हे पुरते आणि जितके काढाल तितके येईल. पुढच्या वेळी दोन चमचे येते. काही दिवसांनी हीच बाई उरलेले दूध पेढीत द्यायला तयार होते.

कुर्ला-धारावीसारख्या सरमिसळ वस्त्यांत प्रश्न अनेक उभे राहतात. दुसऱ्या बाईचे दूध चालेल का, तिचे गुण लागतील का, आपल्या बाळाचे दूध कमी पडेल का? मुस्लिम कुटुंबांत एकाच आईचे दूध प्यायलेल्या मुलांमध्ये दूधनाते मानतात, त्यामुळे तो विचारही मनात येतो. यातला एकही प्रश्न हसण्यावारी न्यायचा नसतो. पूर्ण माहिती द्यायची, घरच्यांना विचार करायला वेळ द्यायचा आणि त्यांचा निर्णय मानायचा. पेढीवर समाजाचा विश्वास बसला तो या समजुतीच्या बोलण्यातून.

छातीशी धरलेले बाळ

याच वाटेवरचा पुढचा टप्पा म्हणजे कांगारू मातृसेवा. डायपरखेरीज उघडे बाळ आईच्या छातीवर, त्वचेला त्वचा लावून तासन्‌तास ठेवायचे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात इनक्युबेटर कमी पडत होते म्हणून ही पद्धत सुरू झाली. मुंबईत तिची काटेकोर परीक्षा झाली ती परळच्या केईएम रुग्णालयात. तिथल्या संशोधकांनी २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर केलेला प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला. कांगारू पद्धतीतल्या बाळांचे वजन दिवसाला सरासरी सुमारे २४ ग्रॅमने वाढले, नेहमीच्या पद्धतीतल्या बाळांचे सुमारे साडेपंधरा ग्रॅमने. अंग गार पडणे आणि रक्तातील साखर उतरणे हेही कमी झाले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने भारतासह पाच देशांत अभ्यास झाला. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही सेवा सुरू केली तर मृत्यू एक चतुर्थांशाने कमी होतात, हे २०२१ मध्ये सिद्ध झाले.

दिवसाला साडेआठ ग्रॅमचा हा फरक कोणी टिपला? रोज ठरलेल्या वेळी काट्यावर स्वच्छ कापड टाकून, काटा शून्यावर आणून, बाळ ठेवून, आकडा तक्त्यावर लिहिणाऱ्या हातांनी. संशोधनाचा आकडा छापील लेखात जन्म घेत नाही. तो पहाटे वॉर्डात जन्म घेतो.

नोंदवही

नवजात कक्षातला तक्ता उघडून पाहावा. वेळ, किती मिलिलिटर, नळीने की वाटी-चमच्याने, दूध आईचे की पेढीचे, पोटात मागचे दूध शिल्लक होते का, पोट फुगले का, शी-शू, तापमान, वजन. पाळी संपताना सिस्टर 'ओव्हर' देते तेव्हा या ओळी बोलू लागतात : "सात नंबरच्या बाळाने रात्री दोनदा ओकलं, पोट जरा ताठ वाटतंय, लक्ष ठेवा." डॉक्टरांची फेरी दिवसातून दोनदा होते. बाळ चोवीस तास ज्यांच्या नजरेखाली असते, त्यांच्या लेखणीतूनच धोक्याची पहिली सूचना येते.

या ओळी महिना-दोन महिने शेजारी शेजारी मांडल्या, की त्यांतून प्रश्न उगवतात. पेढीचे दूध मिळालेल्या बाळांचे पोट कमी वेळा फुगते का? आई दिवसातून किती वेळा दूध काढते यावर तिचा पान्हा कसा टिकतो? रात्रपाळीत हात धुण्याची शिस्त ढिली पडते का? असा प्रश्न विचारणे, तो मोजणे, उत्तर वॉर्डात परत आणणे आणि मग पुन्हा मोजणे, एवढाच हा मार्ग आहे. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयातले मृत्यू कारणांनुसार मांडून दाखवले आणि सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मरतात, हे सरकारच्या गळी उतरवले, तोही हाच मार्ग होता. १८६३ साली भारतातल्या फौजेच्या आरोग्यावरील शाही आयोगाच्या कामातही त्यांनी आकड्यांचाच आधार घेतला होता.

शीवमधून बाहेर

शीवचा अनुभव रुग्णालयाच्या भिंतींत राहिला नाही. १९९१ साली वर्ध्यात स्तनपानाच्या प्रसारासाठी बीपीएनआय ही देशव्यापी संस्था उभी राहिली. १९९२ मध्ये पावडरचे दूध आणि बाटल्यांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा संसदेने केला. १९९९ मध्ये डॉ. फर्नांडिस यांनी 'स्नेहा' ही संस्था सुरू केली. आजारी बाळ रुग्णालयात येईपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून वस्तीतच गरोदर बाई आणि बाळापर्यंत पोहोचायचे, हा तिचा हेतू. २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सरकारी रुग्णालयांतल्या स्तन्यपान व्यवस्थापन केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. एका महापालिका रुग्णालयात पंचवीसहून अधिक वर्षे चाललेला प्रघात देशाच्या धोरणात उतरला.

नाव कोणाचे?

दुग्धपेढीच्या उभारणीचा वृत्तांत १९९३ साली एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. त्यावर नावे होती डॉ. आर्मिडा फर्नांडिस, डॉ. जयश्री मोंडकर आणि डॉ. रुची नानावटी यांची. या तिघींचे ऋण मोठे आहे आणि ते कृतज्ञतेने मानले पाहिजे. त्याच कृतज्ञतेने हेही म्हटले पाहिजे की वाटीतला पहिला थेंब मिळवणाऱ्या आणि पहाटेचे वजन लिहिणाऱ्या सिस्टरांची नावे इतिहासात आली नाहीत. ही त्या काळची सर्वत्र चालणारी रीत होती. ती आता बदलायला हवी.

बदलाची साधने आपल्याकडे आहेत. ज्या १९६४ साली शीवचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, त्याच वर्षी मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालयही सुरू झाले. १९९८ पासून नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ परिचर्येच्या पदव्या देते. पदव्युत्तर शिक्षण घेणारी प्रत्येक विद्यार्थिनी प्रबंध लिहिते. त्यातले कितीतरी विषय थेट खाटेशी भिडणारे असतात : शय्याव्रण, दूध काढण्याची पद्धत, हातांची स्वच्छता, मधुमेही पायाची काळजी. हे प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात न राहता ज्या वॉर्डात माहिती गोळा झाली त्याच वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टरांपर्यंत परत आले पाहिजेत.

त्यासाठी माणसेही पुरेशी हवीत. लिंडा एकन या परिचारिका-संशोधिकेने पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की एका नर्सकडे सरासरी एक रुग्ण वाढला, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या तीस दिवसांतल्या मृत्यूची शक्यता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. रिकामी पदे हा प्रशासनाच्या फायलीतला आकडा राहत नाही, तो रुग्णाच्या जिवावर बेततो, याचा हा पुरावा आहे. दोन माणसांचे काम एकटीने उरकणाऱ्या सिस्टरकडून संशोधनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल.

म्हणून या इतिहासाच्या शेवटी तीन मागण्या नोंदवाव्याशा वाटतात. शीवसारख्या मोठ्या आणि कुर्ल्याच्या भाभासारख्या उपनगरी रुग्णालयांत परिचारिकांची पदे परिषदेच्या प्रमाणाप्रमाणे भरली जावीत. प्रत्येक रुग्णालयात सिस्टरांना नोंदी अभ्यासण्यासाठी कामाच्या तासांतलाच वेळ आणि आकडेवारी जाणणाऱ्या माणसाची मदत मिळावी. आणि वॉर्डातून जे संशोधन बाहेर पडेल त्यावर ज्यांनी पाहिले, मोजले, लिहिले त्या सिस्टरांची नावे लेखक म्हणून छापली जावीत. शीवने एकदा आईला कक्षाच्या दारातून आत घेतले आणि बाळे जगू लागली. आता परिचारिकेला संशोधनाच्या दारातून सन्मानाने आत घेतले, तर त्याचा लाभ नवजात कक्षापुरता न राहता कुर्ल्यातल्या घराघरातील प्रत्येक रुग्णापर्यंत पोहोचेल.